तेल न धरणारा पृष्ठभाग कसा घडवावा : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

खंडेराव मार्केटमधून अळूचं एक ताजं पान आणा. पात्र्यामुळे, म्हणजे गुजराती अळूवडीमुळे, आपल्या बडोद्यात ते सहज मिळतं. पान पुसू नका, वरच्या बाजूला बोटं लावू नका. ड्रॉपरने त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब गोल गरगरीत होतो आणि पान जरा हललं की पळतो. आता शेजारी सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) थेंब सोडा. थोड्याच वेळात तो पसरतो, तेवढी जागा गर्द हिरवी दिसू लागते, आणि पान उभं धरलं तरी तेलाचा डाग तिथून हलत नाही. त्याच तेलकट जागेवर पुन्हा पाणी सोडून पाहा, तेही पहिल्यासारखं धावत नाही.

या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग आधी करावा, असं मला मनापासून वाटतं. पाणी झटकणारा पृष्ठभाग आणखी सुधारला की तो तेलही झटकेल, अशा समजुतीने अनेक विद्यार्थी प्रोजेक्ट हाती घेतात, आणि बाजारातले 'नॅनो' स्प्रे मारून बघण्यातच सत्र निघून जातं. तेलाचं गणित मुळातच वेगळं आहे. ते सोडवायचा क्रम असा : आधी द्रव, मग पृष्ठभागाची घडण, आणि सगळ्यात शेवटी रसायन. बहुतेक जण सुरुवातच रसायनापासून करतात, म्हणून हा लेख.

पायरी १ : कोणता द्रव, ते आकड्यात सांगा

'तेल' म्हणून भागत नाही. द्रवाचा पृष्ठताण किती, हे माहीत हवं. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, ग्लिसरीनचा ६३ च्या आसपास. खाद्यतेलं ३२ ते ३५ च्या पट्ट्यात येतात. प्रयोगशाळेत तेलाच्या जागी वापरतात ते हेक्झाडेकेन २७, अल्कोहोल २२, हेप्टेन २०. आकडा जितका लहान, तितका तो द्रव पसरायला उत्सुक. साबणाचं पाणीही तिशीत किंवा त्याखाली उतरतं, म्हणून पाणी झटकणारे बरेच कोट साबणासमोर हार मानतात.

तुमच्याकडचं तेल मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एक मिलिलिटरची साधी सिरिंज घ्या आणि तिला सपाट तोंडाची, बोथट सुई लावा. एक मिलिलिटर पाण्याचे किती थेंब पडतात ते मोजा. मग सुई धुऊन, वाळवून तेलाचे मोजा. थेंब स्वतःच्या वजनानेच पडू द्या, दट्ट्या दाबून ढकलू नका. तेल दाट असतं, त्यामुळे एकेका थेंबाला पंधरावीस सेकंद लागले तरी लागू द्या. मग हिशोब : पाण्याच्या थेंबांच्या संख्येला तेलाच्या थेंबांच्या संख्येने भागा, तेलाच्या घनतेने गुणा, ७२ ने गुणा. समजा पाण्याचे ७० आणि तेलाचे १४० थेंब पडले आणि घनता ०.९२ असली, तर ०.५ × ०.९२ × ७२, म्हणजे ३३. आकडा दोनतीनने इकडेतिकडे होईल, पण सुरुवातीला एवढं पुरतं. पाण्याचे थेंब पुरते मोठे पडत नसतील, तर सुई तेलकट राहिली आहे असं समजा.

इथे एक गोष्ट कागदावर ठळक लिहून ठेवा : द्रव वापरताना किती तापणार आहे? तापमान वाढलं की पृष्ठताण घटतो. खाद्यतेलात दर १०० अंशांमागे तो साधारण ६ ते ८ ने खाली येतो. म्हणजे फरसाणाच्या कढईतलं १८० अंशांचं तेल २२-२३ च्या घरात पोहोचलं. टेबलावरच्या गार तेलावर पास झालेला नमुना कढईशेजारी नापास होतो, त्याचं अर्धं कारण हेच.

पायरी २ : चौथाईचा हिशोब

थेंबाची कड पृष्ठभागाला टेकते तिथे जो कोन होतो, तो स्पर्शकोन. तो द्रवाच्या आतल्या बाजूने मोजायचा. थॉमस यंगने १८०५ मध्ये या कोनाचं मूळ नातं मांडलं. ९० अंशांच्या वर कोन गेला की पृष्ठभाग द्रव झटकतो असं म्हणतात, १५० च्या वर गेला आणि थेंब सहज पळाला की अतिरोधक.

यंगच्या नात्यावरून एक ठोकळ नियम निघतो. गुळगुळीत पृष्ठभागावर ९० अंश मिळवायचे, तर घन पदार्थाची पृष्ठऊर्जा (पृष्ठताणाचंच घन पदार्थातलं रूप, आकडेही त्याच मापात) द्रवाच्या पृष्ठताणाच्या एक चतुर्थांशाहून कमी हवी. पाण्यासाठी ७२ ची चौथाई १८. टेफ्लॉनची पृष्ठऊर्जा १८ ते २०, म्हणजे जवळपास जमलंच. (पाण्याच्या बाबतीत हा नियम जरा जास्तच कडक आहे, साध्या मेणावरही पाणी ९० ओलांडतं. तेलांना मात्र तो चांगला लागू पडतो.) आता सिंगतेल घ्या : ३३ ची चौथाई ८. टेफ्लॉनही इथे दुपटीने जास्त. हेक्झाडेकेनसाठी ७ च्या खाली जावं लागेल. आणि तापलेलं तेल? त्याची चौथाई ६ च्याही खाली.

माणसाला ठाऊक असलेल्या पृष्ठभागांत सगळ्यात कमी पृष्ठऊर्जा दाट बसवलेल्या, फ्लुओरीनयुक्त ट्रायफ्लुओरोमिथाइल गटांची, सुमारे ६.७. त्याखाली काही नाही. म्हणजे गरम तेलाला सपाट पृष्ठभागावर ९० अंशांत उभं करील असं रसायन अस्तित्वातच नाही, कोणी कितीही महाग बाटली विकली तरी. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करून बघितला की पुढचा बराच खर्च वाचतो.

पायरी ३ : थेंब उभा राहायला हवा, की नुसता निसटायला?

इथे थांबून नीट विचार करा, कारण वाटा इथूनच फुटतात. स्पर्शकोन मोठा असणं आणि थेंब न चिकटणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. थेंब चपटा पसरूनही दोन अंशांच्या उतारावर माग न ठेवता घसरू शकतो, आणि १२० अंशांत गोल उभा राहूनही उलटा धरला तरी चिकटून राहू शकतो. थेंब किती सहज निसटेल, हे पुढे सरकणाऱ्या कडेचा कोन आणि मागे हटणाऱ्या कडेचा कोन यांतल्या फरकावर ठरतं. फरक लहान, तर थेंब मोकळा.

चिमणीच्या काचेवरून, मोजपात्राच्या आतल्या बाजूवरून किंवा सेन्सरच्या खिडकीवरून तेल नुसतं निथळून जायला हवं असेल, तर गुळगुळीत वाट घ्या. कामगाराच्या एप्रनवर उडालेला द्रव कापडात मुरताच कामा नये, अशी गरज असेल, तर खडबडीत वाट. नवख्या माणसाने आधी गुळगुळीत वाटेने जावं, असं माझं स्पष्ट मत आहे : ती स्वस्त आहे, तिला फ्लुओरीन लागत नाही, आणि एका दिवसात निकाल दिसतो.

तिसरीही वाट आहे. सच्छिद्र थरात वंगण मुरवून ठेवायचं आणि थेंबाला त्या वंगणावरून घसरू द्यायचं. हार्वर्डमध्ये योआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०११ मध्ये ही पद्धत मांडली, घटपर्णीच्या निसरड्या काठावरून. (भारतात घटपर्णीची एकच जात आहे, मेघालयातली.) पण वंगण आणि झटकायचा द्रव एकमेकांत मिसळता कामा नयेत. तेलांसाठी मग बहुधा फ्लुओरीनयुक्त वंगणच घ्यावं लागतं, शिवाय वंगण हळूहळू निघून जातं. सुरुवातीला हिच्यात शिरू नका.

पायरी ४ : गुळगुळीत वाट, काचेच्या पट्टीवर

ही कृती मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या लिमिंग वांग आणि थॉमस मॅकार्थी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. सिलिकॉनच्या लवचिक साखळ्या एका टोकाने काचेला बांधायच्या आणि दुसरं टोक मोकळं सोडायचं. या साखळ्या उणे १२० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाहीत, म्हणून आपल्या तापमानाला त्यांचा थर द्रवासारखाच वागतो. थेंबाला अडकायला जागाच उरत नाही.

काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फ्यूम हूडखाली, मार्गदर्शक शेजारी असताना करायचं. यात सल्फ्युरिक आम्ल आहे आणि ज्वालाग्राही अल्कोहोल आहे, त्यामुळे घरच्या ओट्यावर हे करू नये. चष्मा, हातमोजे, आणि आसपास कुठेही ज्योत नको.

वजनाने १०० भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, १० भाग डायमिथाइलडायमिथॉक्सिसिलेन आणि १ भाग संहत सल्फ्युरिक आम्ल. आधी अल्कोहोल आणि सिलेन मिसळा, मग हलवत हलवत आम्ल थेंबाथेंबाने घाला, उलटा क्रम कधीही नाही. मिश्रण अर्धा तास ठेवा. दरम्यान काचपट्टी स्वच्छ करा. प्लाझ्मा क्लीनर किंवा यूव्ही-ओझोन मिळाला तर उत्तम. स्वच्छ झालेल्या काचेवर पाणी सपाट पसरतं, थेंब होत नाही. हीच तिची परीक्षा, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. मग पट्टी मिश्रणात काही सेकंद बुडवा, सावकाश वर ओढा, उभी ठेवून वीस मिनिटं वाळू द्या. शेवटी पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टोल्यूइन यांनी क्रमाने धुवा.

बडोद्यात एका गोष्टीकडे विशेष लक्ष हवं. ही प्रक्रिया हवेतल्या बाष्पावर चालते, आर्द्रता ६०-७० टक्के असावी. पावसाळ्यात हवा बरीच साथ देते, पण एप्रिल-मेच्या दुपारी ती इतकी कोरडी असते की थर अर्धवट होतो. झाकणाच्या डब्यात ओल्या स्पंजासोबत नमुना वाळवा आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा.

जमलं की काय दिसतं? पाण्याचा कोन १०५ च्या आसपास, हेक्झाडेकेनचा ९० च्या कितीतरी खाली. कागदावर हा निकाल सामान्य वाटेल. पण पट्टी जरा तिरपी करा : तेलाचा चपटा थेंब अखंड सरकत खाली जातो आणि मागे ओलसर रेघसुद्धा राहत नाही. पुढच्या-मागच्या कोनांतला फरक एका अंशाच्या आसपास येतो. कोनाचा आकडा बघून हा नमुना कचऱ्यात टाकू नका.

पायरी ५ : खडबडीत वाट, आणि छज्जाचं रहस्य

अळूच्या पानावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात, आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेवर पाणी तरंगतं. हवेवर टेकलेल्या थेंबाचं गणित कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडलं. तेल मात्र त्याच उंचवट्यांच्या भिंतींवरून खाली झिरपतं, कारण त्याचा मूळ, म्हणजे सपाट पृष्ठभागावरचा, कोन ९० च्या आत आहे.

तोड अशी : भिंत खाली जाताना आत वळायला हवी, जुन्या वाड्याच्या छज्जाखालची भिंत जशी मागे सरकलेली असते तशी. असा आकार मिळाला की तेलाला खाली उतरण्यासाठी आपला पृष्ठभाग खालच्या बाजूला फुगवावा लागतो, आणि पृष्ठताण त्याला परत वर खेचतो. ६० अंशांचा कोन असलेलं तेलही मग काठाला लटकून राहतं. अट एकच, काठाच्या वळणाचा कोन तेलाच्या मूळ स्पर्शकोनाहून लहान हवा. २००७ मध्ये एमआयटीत अनिश तुतेजा, गॅरेथ मॅकिन्ली, रॉबर्ट कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचनेची सूत्रं स्वच्छ मांडली आणि ऑक्टेनसारखे द्रवही उभे करून दाखवले. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिऊ आणि किम यांनी साध्या सिलिकावर, कोणताही कोट न देता, दुहेरी वळणाचे सूक्ष्म खिळे कोरले आणि १० च्या आसपास पृष्ठताण असलेला द्रव त्यांच्यावर तोलून धरला. आकाराची ताकद एवढी. कुंडीतल्या ओल्या मातीत उड्या मारणाऱ्या स्प्रिंगटेल किड्याच्या कातडीवरही अशीच आत वळलेली नक्षी असते.

आपल्याला खिळे कोरायची गरज नाही, कारण कापडाचा तंतू गोल असतो आणि गोल वस्तूची खालची बाजू आपोआप आत वळलेली असते. बडोद्याला तर हा धडा जवळचा वाटावा. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर यांच्या काळापासून रंगाई शिकवली गेली, आणि तंतूवर पातळ, एकसारखा थर कसा बसवायचा हा रंगाईचाही मूळ प्रश्न आहे.

दोन शेजारच्या तंतूंच्या मध्यांमधलं अंतर भागिले तंतूचा व्यास, या आकड्याला 'विरळपणा' म्हणू. तंतूवर तेलाचा मूळ कोन ६० अंश असेल, तर विरळपणा १.५ असताना दिसणारा कोन सुमारे ७४ अंश, ३ असताना १११, आणि ६ असताना १३३. सूत्र हवं असेल तर : मूळ कोनाची साइन, अधिक (पाय वजा मूळ कोन) गुणिले त्याचा कोसाइन, या बेरजेला विरळपणाने भागा, त्यातून १ वजा करा. येतो तो दिसणाऱ्या कोनाचा कोसाइन. कोन रेडियनमध्ये घ्या.

विरळ कापड चांगलं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. तंतू जितके दूर, तितकं तेल थोड्या दाबानेही आरपार जातं. बोटाने दाबलं, थेंब उंचावरून पडला, कोपराशी कापड ताणलं गेलं, की संपलं. यावर उपाय बारीक तंतूचा : तंतू बारीक ठेवून विरळपणा तोच राखला तर दाब सोसण्याची ताकद वाढते. म्हणून साध्या सुती कापडापेक्षा मायक्रोफायबर पॉलिएस्टर निवडा. थर पॅडिंगने द्या, म्हणजे कापड द्रावणात बुडवून रुळांमधून पिळा, आणि पिळल्यावर कापडात उरलेल्या द्रावणाचं प्रमाण असं ठेवा की तंतूंमधल्या फटी बुजणार नाहीत. फटी बुजल्या की हवा गेली, आणि हवा गेली की आपण पुन्हा सपाट पृष्ठभागाच्या चौथाईवर आलो.

पायरी ६ : फ्लुओरीन घ्यावं का?

तंतूवर तेलाचा कोन ६० च्या आसपास आणायचा तर फ्लुओरीनला आज व्यवहारात पर्याय जवळजवळ नाही. मेणाचे किंवा सिलिकॉनचे फिनिश पाणी झटकतात, तेलाच्या चाचणीत (ती पायरी ७ मध्ये आहे) शून्यावर राहतात. पण फ्लुओरीनची ही संयुगं निसर्गात तुटत नाहीत, पाण्यात आणि शरीरात साठतात. घातक, टिकाऊ रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने २००९ मध्ये पीएफओएस आणि २०१९ मध्ये पीएफओए ही अशी दोन संयुगं यादीत घातली. आखूड साखळीची नवी उत्पादनंही पर्यावरणात टिकूनच राहतात.

नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत द्रावकं हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावरच्या संरक्षक पोशाखाला फ्लुओरीन द्यावं, तिथे जिवाचा प्रश्न आहे. सोफ्याच्या कव्हरला, मुलांच्या दप्तराला किंवा फरसाणाच्या पुड्याच्या कागदाला देऊ नये. सांडलेलं तेल तिथे साबणाने निघतं. वापरलंच, तर उरलेलं द्रावण गटारात ओतू नका, घातक कचऱ्याच्या डब्यातच टाका. आणि असे थर फार तापवू नका, टेफ्लॉनही ३०० अंशांच्या वर गेलं की विषारी वायू सोडू लागतं.

पायरी ७ : मोजा, आणि घासून पुन्हा मोजा

मोबाइलला मॅक्रो भिंग लावा, नमुन्यामागे पांढरा कागद आणि त्यामागे दिवा ठेवा. कॅमेरा थेंबाच्या पातळीवर हवा. थेंब ३ ते ५ मायक्रोलिटरचा घ्या, मोठा थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होतो. फोटोवर इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरने कोन काढा. एकाच नमुन्यावर पाच जागी तरी मोजा आणि सरासरीसोबत सर्वांत वाईट आकडाही लिहा. तेल आत शिरतं ते नेहमी सर्वांत वाईट जागेतून.

कापडासाठी एएटीसीसी ११८ ही अमेरिकेतल्या कापड-रसायन संघटनेची चाचणी आहे. आठ द्रव क्रमाने : १ ला जड खनिज तेल, ३ ला हेक्झाडेकेन, ५ ला डोडेकेन, ८ ला हेप्टेन. थेंब ठेवायचा, ३० सेकंद बघायचं, मुरला नाही तर पुढचा द्रव. न मुरलेला शेवटचा अंक ती कापडाची श्रेणी. गरम तेलाशी गाठ पडणार असेल, तर त्याच पृष्ठताणाचा गार द्रव घेऊन कापड पारखता येतं : २२-२३ च्या तेलासाठी ६ वा द्रव, म्हणजे डेकेन, जवळचा. ही पहिली गाळणी समजा, कारण खऱ्या उष्णतेत थराचं काय होतं ते हिच्यात दिसत नाही.

मग नमुना वापरात जे सोसणार तेच त्याला द्या. क्रॉकमीटरवर (कापड ठरावीक दाबाने घासणाऱ्या यंत्रावर) घासा, साबणाने धुऊन वाळवा, चिमणीजवळ लावायचा असेल तर तिथल्या तापमानाला काही तास ठेवा. तापलेलं तेल पृष्ठभागावर राहिलं की हवेशी संयोग पावून त्याचा चिकट पिवळा थर जमतो, आणि तो जमल्यावर खालचा कोट कितीही चांगला असो, तेल त्या थरालाच चिकटतं. म्हणून स्वयंपाकघरातल्या कोणत्याही नमुन्यासोबत तो किती दिवसांनी आणि कशाने पुसायचा हे लिहून द्या. सिलिकॉनच्या साखळ्यांना तीव्र अल्कली सोसत नाही, त्यामुळे ओव्हन साफ करायच्या कॉस्टिकच्या लिक्विडऐवजी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड.